नर्सिंगच्या कोर्सला पैसे भरण्याआधी

मी अल्लीपूरहून बोलते आहे. कापूस हिंगणघाटच्या मार्केटात गेला आणि हाती चार पैसे आले, की आमच्या बचत गटांच्या बैठकीत पोरींच्या शिक्षणाचा विषय निघतोच. दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी लेकीच्या नर्सिंगसाठी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कोर्स एका वर्षाचा, नोकरीची हमी, असं जाहिरातीत छापलेलं. त्या बैठकीत मीच म्हटलं होतं, "द्या, पोरीचं भलं होईल."

पोरगी पास झाली. प्रमाणपत्राला फ्रेम लागली. मग सरकारी भरती निघाली, तर अर्जात नोंदणी क्रमांक विचारलेला. तो तिच्याकडे नव्हता, आणि त्या कोर्सवर कधी मिळणारही नव्हता.

आपल्याला वाटतं, पांढरा ड्रेस घातला, इंजेक्शन देता आलं, की झाली सिस्टर. कायदा तसं मानत नाही. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका अधिनियम आहे. त्याखाली मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करते. तिच्या नोंदवहीत जिचं नाव, ती नर्स. वकिलाची सनद असते ना, तसंच समजा.

आणि हे नाव चढतं ते ठरावीक शिक्षणावरच. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीची पदवी बहुतेक कॉलेजांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. सहा महिन्यांचे, वर्षाचे जे रुग्णसहायकाचे कोर्स असतात, ते सगळेच खोटे नाहीत. घरी म्हाताऱ्या माणसाची देखभाल करायला ते उपयोगी पडतात. पण त्यांना नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आमची ही पोरगी एका खाजगी दवाखान्यात लागली होती. हाताला गुण आहे तिच्या, पेशंट तिलाच बोलवायचे. पण पगार मदतनिसाचा आणि काम नर्सचं. उद्या सलाइनमध्ये काही चुकलं असतं तर? संसदेने २०२३ साली परिचर्या आणि प्रसूतिविद्येसाठी नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात नोंदणीशिवाय नर्सचा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मी हे सांगितलं तेव्हा तिची आई गप्पच बसली.

नोंदणी असलेल्या नर्सवरही परिषदेचा वचक असतो. गंभीर गैरवर्तनाची तक्रार आली तर चौकशी होते, नर्सला तिची बाजू मांडू देतात, आणि दोष ठरला तर नाव नोंदवहीतून काढता येतं. पेशंटला नुकसानभरपाई हवी असेल तर मात्र ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. ते परिषदेचं काम नाही.

गावात ज्या नोंदणी झालेल्या सुना आहेत, त्यांनाही एक सांगते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. बाळंतपणात, लेकरांत ते राहून जातं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर नोंदवहीतही बदलून घ्या, नाहीतर आधार कार्डावर एक नाव आणि नोंदणीवर दुसरं.

प्रवेश घेताना संस्थेला सरळ विचारा: परीक्षा कोण घेतं, परिषदेची मान्यता याच वर्षाची आहे का, शिकायला दवाखाना कोणता? मान्यतेचं पत्र पाहायला मागा. "नंतर दाखवू" म्हणाले, तर पैसे पदरातच ठेवा. सावंगी, सेवाग्राम काही लांब नाही. तिथल्या नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारलं तरी बरंच कळतं.

आमची पोरगी यंदा एएनएमचा फॉर्म भरते आहे. जुन्या कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. गटाने ठराव केलाय, की शिक्षणाच्या कर्जाच्या अर्जाला संस्थेच्या मान्यतेची प्रत जोडायची, आणि ती आधी मी वाचायची.