हृदयाचा पंप आणि ड्रममधलं पाणी

हृदयाचा डावा कप्पा थकला की त्याला जोडतात तो पंप म्हणजे एलव्हॅड. ‘हार्टमेट ३’चा रोटर चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतो आणि रक्त महाधमनीत ढकलतो. (अशा पेशंटची नाडी बऱ्याचदा बोटाला लागतच नाही!) पण यंत्राला वीज लागते. म्हणून पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, बॅटऱ्यांपर्यंत. सगळी गोम या भोकात आहे.

५२ दरवाजांच्या आपल्या शहराला वेगळं सांगायला नको : तटाला दार ठेवलं की पहारा आला. वायरीभोवती कातडी धरते, पण बॅटरीची बॅग निसटून हिसका बसला की सुटते. त्या फटीतून स्टॅफिलोकॉकस हा जंतू शिरतो, जो एरवी आपल्याच नाकात, कातडीवर राहतो. ओलाव्याला सोकावलेला स्यूडोमोनास पाण्यातून येतो. दोघेही वायरीवर चिकट थर करून बसतात, दगडावरच्या शेवाळासारखे. अँटिबायोटिक वरचे मारतं, आतले तगतात. एरवी अशी बाहेरची वस्तू काढून टाकतात. हा पंप काढायचा कसा? मग काहींना गोळ्या कायमच्याच.

म्हणून ड्रेसिंग निर्जंतुक, वायर पट्ट्याने जखडलेली, पोहणं बंद. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ड्रममधलं साठवणीचं पाणी वायरीपाशी नकोच. मे महिन्यात पारा ४० पार गेला की घामाने ड्रेसिंग सुटतं, ते लगेच बदलायचं. लाली, स्राव, ठणका, ताप, यातलं एकही दिसलं तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.