स्ट्रॉबेरीला माती नाही, रात्र लागते

थंडी पडली की पनवेलच्या बाजारात प्लास्टिकच्या डब्यांतून स्ट्रॉबेरी दिसू लागते आणि तिच्यासोबत एक ठाम समजूतही: हे महाबळेश्वरच्या लाल मातीचं फळ, खाली कोकणात ते व्हायचं नाही. यातला निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, कारण मात्र साफ चुकीचं. मातीवरच सगळं अवलंबून असतं तर हे फळ महाबळेश्वरातही रुजलं नसतं. आज आपण खातो त्या टपोऱ्या स्ट्रॉबेरीचे आईबाप दोघेही अमेरिकी, एक चिलीच्या किनाऱ्यावरचा आणि दुसरा उत्तर अमेरिकेतला. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीची रोपं फ्रान्सला नेली. ती सगळी मादी निघाली, त्यामुळे फळ धरेना. पुढे जवळपास उत्तर अमेरिकी जात लागली तेव्हा दोघींचा संकर झाला. हा संकरच आहे, हे ड्युशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर पाच वर्षांनी, मांडलं. इंग्रजांनी थंड हवेचं ठाणं वसवलं तेव्हा हे फळ सह्याद्रीवर चढलं. मग महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन कसं मिळालं, असं कुणी विचारेल. मानांकन त्या प्रदेशाची हवा, जमीन आणि शेतकऱ्यांचं कसब या सगळ्यांमुळे घडलेल्या मालाच्या नावाला मिळतं. तेच पीक दुसरीकडे येत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

खरी अडचण आहे उष्म्याची, त्यातही रात्रीच्या. नेहमीच्या जातींना फुलकळी धरायला लहान दिवस आणि गारवा लागतो. दिवसाच्या लांबीचा पनवेलला त्रास नाही. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. पण महाबळेश्वर आहे सुमारे १,३७० मीटरवर आणि पनवेल खाडीकाठी. दर हजार मीटरला पारा साधारण सहा अंशांनी उतरतो असं धरलं, तर दोन्हीकडच्या हवेत आठेक अंशांचा फरक पडतो. घाटावर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तोडा चालतो, तर पनवेलच्या वाट्याला डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच खिडकी येते. खिडकी लहान आहे, पण बंद नाही.

एवढ्यासाठी खटाटोप कशाला? ‘क’ जीवनसत्त्वासाठी असेल तर करूच नये. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत ते साठेक मिलिग्रॅम असतं. हे काही कमी नव्हे, पण कोपऱ्यावरच्या पेरूवाल्याकडे तेवढ्याच वजनात दोनशेच्या वर मिळतं. उष्मांक मात्र जेमतेम ३२, हा गुण खरा. क्रीम ओतलं की तोही गेला. फळ धुताना पाणी लाल झालं म्हणजे रंग टोचलाय, हाही घाईचा निष्कर्ष, कारण स्ट्रॉबेरीचं स्वतःचं रंगद्रव्यच पाण्यात विरघळतं. फवारणीच्या अंशाची शंका रास्त आहे, म्हणून देठासकट, खायच्या आधी, वाहत्या पाण्याखाली धुवावी. घरी लावण्याचं पटण्यासारखं कारण वेगळंच आहे. आंबा आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. नंतर लाली थोडी चढते, गोडी नाही. घाट उतरून येणारं फळ प्रवासात टिकावं म्हणून जरा आधी खुडलेलं असू शकतं. देठापर्यंत लाल होऊ दिलेलं फळ कुंडीतच मिळतं.

त्यासाठी बियांची पाकिटं घेऊ नयेत. संकरित झाडाचं बी मूळ जातीवर जात नाही, आणि निळ्या स्ट्रॉबेरीचं बी तर निव्वळ फसवणूक आहे. नोव्हेंबरमध्ये रोपवाटिकेतून विंटर डॉन किंवा स्वीट चार्लीसारख्या जातीची तयार रोपं आणावीत आणि आठ-दहा इंची, पाणी न साचणाऱ्या कुंडीत लावावीत. पानं जिथून फुटतात तो गड्डा, शेतकऱ्यांच्या भाषेत क्राउन, मातीच्या बरोबर पातळीवर हवा: बुडला तर कुजतो, उघडा पडला तर मुळं सुकतात. सहाव्या-सातव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच येतात, म्हणून उमललेल्या फुलाच्या पिवळ्या मध्यावर मऊ कुंचला फिरवावा. फळावर दिसणारे दाणे हीच खरी फळं आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठभाग. निट्श नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाणे काढून पाहिले, तर तो भाग फुगेचना. म्हणून परागीभवन अर्धवट झालं की फळ वेडंवाकडं होतं. खताचा त्यात दोष नसतो.

मार्चनंतर झाड हिरवं राहतं, धावत्या फांद्या सोडतं, फळ मात्र थांबतं. मग जूनच्या पावसात क्राउन कुजतो. बहुतेकांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. पण महाबळेश्वरचे बागायतदारसुद्धा जुनं झाड वर्षानुवर्षं सांभाळत बसत नाहीत. परदेशातून मातृरोपं मागवतात, त्यांच्यापासून रोपं तयार करतात आणि पावसाळा सरताना नव्याने लागवड करतात. तेव्हा जूनमध्ये कुंडी रिकामी करून तिच्यात खुशाल अळू लावावं.