दोन चंद्र आणि एक भरती : घरी रचलेल्या जगाचे नियम

(अलिबाग इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्याख्यानाला बोलावलं की लोक ब्रह्म, माया, फार तर कांट ऐकायच्या तयारीने येतात. आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. माझी नात आणि तिचे चार सवंगडी गेलं दीड वर्ष दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तो खेळतात. आधी मी त्याला पोरखेळच समजत होतो. मग एका रविवारी त्या टेबलावर असा पेच पडला, की जन्मभर वर्गात जे शिकवलं ते मला पुन्हा तपासून बघावं लागलं. तो पेच आज मांडायचा आहे. पण आधी खेळ समजून घेऊ.

खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी वैद्य, कोणी खलाशी, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर बंद दरवाजा आहे.’ खलाशी म्हणतो, ‘मी लाथ मारतो.’ दरवाजा मोडेल की नाही याची खात्री नसेल, तर फासा टाकायचा. हा फासा आपल्या सोंगट्यांसारखा नसतो, त्याला वीस बाजू असतात. पटाची गरज नाही, शेवटी कोणी जिंकत नाही, आणि एक डाव वर्षानुवर्षं चालू शकतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा खेळ छापला. त्याआधीच अर्नेसन आपल्या मित्रांना स्वतः रचलेल्या ‘ब्लॅकमूर’ नावाच्या जगात खेळवत होता. म्हणजे खेळ छापून येण्याआधीच घरी रचलेलं जग होतं. आज तयार जगांची जाडजूड पुस्तकं विकत मिळतात, तरी पुष्कळ सूत्रधार आपलं जग आपणच रचतात. त्याला ‘होमब्रू’ म्हणतात. मुळात हा शब्द घरी गाळलेल्या बिअरसाठीचा. माडीच्या मुलखात याहून जास्त समजावून सांगायला नको. (हशा)

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी. पण दिवाळीचा किल्ला आपण सगळ्यांनी केलाय. माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, आरशाच्या तुकड्याचं तळं. महाराज इतके मोठे की महादरवाज्यातून आत जाऊच शकणार नाहीत. पण त्यावरून कोणी भांडत नाही, कारण तो किल्ला बघायचा असतो. घरी रचलेल्या जगात मात्र माणसं शिरतात, आणि शिरलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो : या दरवाज्यातून महाराज जातात कसे?

नातीच्या जगाचं नाव ‘सातखाडी’. नकाशा बघितल्यावर मी ओळखलं, ही आपलीच किनारपट्टी आहे, जरा वाकवलेली. पाण्यात एकमेकांसमोर वैरी होऊन उभे असलेले दोन किल्ले आहेत, आपल्या खांदेरी-उंदेरीसारखे. कोणालाच न जिंकता आलेला एक जलदुर्ग आहे, तो कुठून आला हे मुरुडच्या माणसाला सांगायला नको. आणि ‘भिजकोट’ नावाचा एक किल्ला आहे, जिथे फक्त ओहोटीला चालत जाता येतं. आपला कुलाबा. एवढं सगळं इथलंच झालं, म्हणून जादूचं काहीतरी हवं असं वाटून तिने आकाशात दोन चंद्र टांगले.

टेबलावर थळकडचा एक कोळ्याचा मुलगा असतो. त्याचे वडील बोटीवर जातात. त्याने लगेच विचारलं, ‘दोन चंद्र? मग भांग कधी आणि उधाण कधी?’

नात गप्प. तिने चंद्र शोभेसाठी टांगले होते.

आपल्याकडचा जुना ठोकताळा तुम्हाला माहीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीचा तास येतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. त्या मुलाला हे पाठ करावं लागलेलं नाही, त्याच्या घरचा स्वयंपाक त्यावर चालतो. टॉल्किनने १९३९ सालच्या एका व्याख्यानात नेमका हाच मुद्दा मांडला होता. हिरवा सूर्य असं म्हणणं कोणालाही जमतं, पण ज्या जगात हिरवा सूर्य खरा वाटेल ते जग रचायला कष्ट पडतात, असा त्याचा आशय.

नातीने ते कष्ट घेतले. दोघी कागद घेऊन बसलो. दोघी म्हणजे ती आणि तिची आई. मला फक्त चहा करायला ठेवलं होतं. (हशा) थोरला चंद्र तीस दिवसांचा, धाकटा वीस दिवसांचा. मग दोघांची अमावास्या-पौर्णिमा दर तीस दिवसांनी एकत्र पडते. त्या दिवशी दुहेरी उधाण. पाणी नेहमीपेक्षा खूप आत ओसरतं, आणि परत येतं तेव्हा चढतंही तितकंच. तेवढं पाणी चढलं की खारबंदीचे बांध फुटणार. बांध फुटला की भातशेतीत खारं पाणी, जमीन नापीक. मग बांध राखायचा कोणी, आणि राखलेल्या जमिनीवर हक्क कोणाचा? ज्या खारेपाटात १९३३ साली चरीचा शेतकरी संप सुरू झाला, तिथल्या लोकांना हे प्रश्न काल्पनिक वाटणार नाहीत. शोभेच्या एका चंद्रातून सातखाडीला शेती मिळाली, सारा मिळाला, भांडणं मिळाली.

आता थोडं तत्त्वज्ञान. डेव्हिड लुईस नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९७८ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. प्रश्न असा : गोष्टीत जे लिहिलेलंच नाही, ते गोष्टीत खरं की खोटं? शेरलॉक होम्सचं घर पॅडिंग्टन स्टेशनला जवळ की वॉटर्लूला, हे कॉनन डॉयलने सांगितलेलं नसलं तरी पॅडिंग्टनला, असं आपण म्हणतो. का? कारण जिथे लेखक वेगळं काही सांगत नाही, तिथे आपण आपलंच जग धरून चालतो. लुईसचा युक्तिवाद बराच बारकाईचा आहे, पण गाभा हा.

कादंबरीत हा प्रश्न फुरसतीचा असतो, कारण वाचकाला पुस्तकातलं दार उघडून आत बघता येत नाही. या खेळात कोणीही कुठलंही दार कधीही उघडतो. न सांगितलेलं दर पाच मिनिटांनी विचारलं जातं आणि सूत्रधाराला तिथल्या तिथे निवाडा द्यावा लागतो. एकदा दिलेला निवाडा पुढच्या वेळी दाखला होतो, जसा कोर्टात होतो. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा जगात नकाशापेक्षा निवाडे महत्त्वाचे. नकाशा एकटीने काढला, निवाडे सगळ्यांच्या साक्षीने झाले.

आता तो पेच. दुहेरी उधाणाच्या ओहोटीला भिजकोटाचा एक चोरदरवाजा उघडा पडतो. सगळे आत गेले. नातीने दोनदा सांगितलं, पाणी फिरलंय. तिघं निघाले. माझा धाकटा नातू, सहावीतला, त्याचं पात्र भैरू खलाशी, एका पेटीसाठी मागे थांबला. मग पळाला. फासा टाकला, तीन आले. भैरू बुडाला. वर्षभर वाढवलेलं पात्र. पोरगं टेबलावर डोकं ठेवून रडायला लागलं.

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, ‘अगं, वाचव ना त्याला. एखादी होडी येऊ दे. जग तुझंच आहे, आणि खेळच तर आहे!’

ती म्हणाली, ‘आजोबा, गणपतीच्या सुट्टीत केतकी वैद्य अशीच बुडाली. तेव्हा मी होडी पाठवली नाही. तिला आता काय सांगू?’

केतकीचं पात्र खेळणारी मुलगी समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. पण माझ्याकडे बघत होती.

मित्रहो, जगात सुसंगती हवी हे मी अनेक वर्षं वर्गात सांगितलं, पण ती तर्काची गरज म्हणून. विसंगतीतून काहीही सिद्ध करता येतं, वगैरे. त्या दिवशी मला कळलं की सुसंगती हा आधी न्यायाचा प्रश्न आहे. भरतीचा नियम म्हणजे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला दिलेला शब्द होता. एकासाठी तो मोडला, तर जिने तो मानून नुकसान सोसलं तिची फसवणूक होते. निर्मात्याला आपलं जग वाटेल तसं वळवता येतं, हे आत कोणी राहायला येईपर्यंत खरं.

आपल्याकडे प्रतिसृष्टीची कथा आहे. विश्वामित्राने त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठवलं, इंद्राने खाली ढकललं, तेव्हा ऋषीने दक्षिणेला नवं आकाश, नवे तारे रचायला घेतले. शेवटी देवांशी तडजोड झाली. तारे राहिले, त्रिशंकूही राहिला, पण डोकं खाली पाय वर. लहानपणी मला हा शेवट अर्धवट वाटायचा. आता वाटतं, एवढं तप असलेल्यालाही दुसऱ्यांशी बोलूनच आपलं आकाश टिकवावं लागलं.

मग नियम कधीच बदलायचा नाही का? बदलता येतो. नातीने पुढच्या रविवारी विषय काढला, भरतीचा निवाडा फार कडक आहे का? चर्चा झाली. ठरलं असं, की यापुढे किनाऱ्यावरून कोणी दोर टाकला तर दुसऱ्यांदा फासा मिळेल. सगळ्यांसमोर ठरलं आणि यापुढच्यासाठी ठरलं. भैरू आणि केतकी परत आले नाहीत.

धाकटा दोन रविवार आला नाही. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर नातीचा रागही येत होता. तिसऱ्या रविवारी तो वही घेऊन आला. वहीत साठ दिवसांच्या दोन्ही चंद्रांच्या तिथी मांडलेल्या. चार ठिकाणी गुणाकार चुकलेला. कोळ्याच्या मुलाने तो दुरुस्त करून दिला.

मी थांबतो. व्याख्यान लवकर संपलंय, तेव्हा काही जण कुलाब्याच्या किल्ल्याकडे चालत जातील. जा, पण आधी तिथी विचारून घ्या.