वर्णन एक, गाड्या अनेक

वैरागच्या एसटी स्थानकात क्षणभर उभे राहा. प्रत्येक गाडीला क्रमांक असतो, प्रवासी असतात. ती थांबते, निघते. हे सर्वसाधारण वर्णन म्हणजे ‘क्लास’, अर्थात वर्ग. समोर उभी असलेली गाडी ही त्या वर्गातील वस्तू, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. कॉलेजात ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ शिकणारे नवे विद्यार्थी इथेच अडखळतात. वर्णन लिहिले की गाडी तयार झाली, असे त्यांना वाटते. पण वेळापत्रकात बसून कोणी बार्शीला गेला आहे काय? म्हणून पहिल्याच तासाला त्यांच्याकडून दोन गाड्या तयार करवून घ्याव्यात. बार्शीच्या गाडीत एक प्रवासी चढवावा आणि सोलापूरच्या गाडीतील संख्या छापून पाहावी. ती बदलत नाही! नॉर्वेतील डाल आणि न्यूगोर यांनी १९६७ साली ‘सिम्युला ६७’ ही संगणकभाषा याच कल्पनेवर रचली. तिचे मूळही रांगांसारख्या घडामोडींची संगणकावर नक्कल करण्यातच होते.