नकाराच्या पत्रानंतरचा एक महिना

‘बेरोजगार भत्ता’ हा शब्द मराठी कानाला सरकारी मदतीसारखा ऐकू येतो. सरकारने दिला तर घ्यायचा, नाही म्हटलं तर मुकाट्याने परत फिरायचं. जर्मनीत नोकरी गेलेल्या आणि पदरी लहान मूल असलेल्या मराठी घरात याच समजुतीपायी हक्काचे पैसे हातचे जातात.

जर्मनीतल्या ‘आर्बाइट्सलोझेनगेल्ड’ची जातकुळी वेगळी आहे. तो 1927 च्या कायद्याने सुरू झालेला विमा आहे. 2023 पासून त्याचा हप्ता पगाराच्या 2.6 टक्के आहे, त्यातला निम्मा कामगाराच्या पगारातून कापला जातो आणि निम्मा मालक भरतो. मेडिक्लेम नाकारला गेला तर आपण फाइल काखोटीला मारून विमा कंपनीचा जिना चढतो. मग इथे, स्वतःच्या पगारातून हप्ता भरलेला असताना, का गप्प बसायचं? महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत 2024 साली कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांना नोकरी कशी मिळते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती गेली तर काय करायचं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

गैरसमज 1 : मी परदेशी नागरिक, माझा यावर हक्क नाही.

वस्तुस्थिती : हक्क नागरिकत्वावर ठरत नाही, विम्यावर ठरतो. बेरोजगार होण्याआधीच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने विमा असावा लागतो. हे महिने सलग नसले, दोन-तीन नोकऱ्यांतले तुकडे असले तरी चालतात. भारतातली नोकरी त्यात धरत नाहीत, पण युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात काम केलं असेल तर तो काळ जोडता येऊ शकतो. 12 महिन्यांच्या विम्यावर 6 महिने पैसे मिळतात, 24 महिन्यांच्या विम्यावर 12 महिने. रक्कम आधीच्या निव्वळ पगाराच्या हिशेबाने 60 टक्के असते आणि मूल असेल तर 67 टक्के. अर्जात मुलाची नोंद राहिली, तर हा फरक दर महिन्याला सोसावा लागतो.

स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र एक अट जास्त बोचते: काम करण्याची कायदेशीर परवानगी हवी. निवास परवान्याची मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज करा. तसा अर्ज वेळेत झाला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कामाच्या परवानगीसकट चालू आहे असं धरलं जातं. त्याचा दाखला मिळतो, तो फाइलला जोडा.

गैरसमज 2 : बाळंतपण आणि पालकरजेत दोन वर्षं गेली, म्हणजे पात्रता बुडाली.

वस्तुस्थिती : नकाराच्या पत्रात ‘विम्याचे महिने अपुरे’ असं लिहिलेलं असेल, तर आईवडिलांनी सगळ्यात आधी हा मुद्दा तपासावा. नोकरीचा विमा चालू असताना जो पालक थेट मुलाच्या संगोपनाकडे वळला, त्याचा विमा मूल तीन वर्षांचं होईपर्यंत कायद्याने चालू राहतो. त्या काळाचा हप्ता केंद्र सरकार भरतं. प्रसूतीच्या आधी-नंतरचा मातृत्वभत्त्याचा काळही धरला जातो.

समजा, एका आईने 10 महिने नोकरी केली, मग प्रसूतीरजा आणि पुढे सव्वा वर्षाची पालकरजा घेतली आणि रजेतच तिचा मुदतीचा करार संपला. नुसत्या पगाराच्या पावत्या मोजल्या तर 10 महिने भरतात आणि ती अपात्र ठरते. बाळाचे महिने मिळवले, की ती 12 महिन्यांची रेघ सहज ओलांडते. हे महिने अर्जात आलेच नसतील तर ते मोजणार कोण? म्हणून मुलाचा जन्मदाखला आणि पालकरजेचं मालकाचं पत्र जोडायला विसरू नका.

इथे तीन ठिकाणी पाय अडकतो. एक, आई किंवा वडील आणि मूल यांचं नेहमीचं वास्तव्य जर्मनीत असावं लागतं. बाळाला घेऊन वर्षभर पुण्याला राहिलात, तर तो काळ वादात सापडेल. दोन, एका वेळी दोघांपैकी एकाच पालकाच्या नावावर हे महिने लागतात, आणि काही वेगळं ठरवलं नसेल तर ते सहसा आईच्या नावावर जातात. वडिलांनी दीर्घ रजा घेतली असेल, तर दोघांनी मिळून पेन्शन विमा कार्यालयाला तसं वेळेत लेखी कळवावं, कारण ही दुरुस्ती फार मागे जाऊन करता येत नाही. तीन, पालकरजेचा काही भाग मूल आठ वर्षांचं होईपर्यंत राखून ठेवता येतो, पण तिसऱ्या वाढदिवसानंतर घेतलेल्या रजेला हे विमासंरक्षण नाही.

दीर्घ रजेनंतर आणखी एक गोष्ट घडते. गेल्या दोन वर्षांत 150 दिवसांचाही पगार नसेल, तर रोजगार कार्यालय तुमच्या जुन्या पगाराऐवजी पात्रतेच्या गटानुसार एक मानीव पगार धरतं. असे चार गट आहेत. भारतातली पदवी फाइलमध्ये नीट आली नसेल, तर अभियंत्याला अकुशल कामगाराच्या गटात टाकलं जाण्याची भीती असते. पैसे मंजूर झाले पण रक्कम चुकली, तरीही हरकत घेता येते.

गैरसमज 3 : ‘तुम्ही कामासाठी उपलब्ध नाही’ असं लिहिलंय. घरात तान्हं मूल आहे, आता काय बोलणार?

वस्तुस्थिती : कायदा पूर्णवेळ उपलब्ध असण्याची सक्ती करत नाही. आठवड्याला किमान 15 तास काम करण्याची तयारी आणि शक्यता असली, की पुरे. अर्धवेळ नोकरीच शोधणाऱ्या पालकालाही हक्क आहे. मात्र आधी आठवड्याला 40 तास काम करत होतात आणि आता फॉर्मवर 20 लिहिलेत, तर पैसेही त्याच प्रमाणात कमी होतात. घाईघाईत लिहिलेला हा एक आकडा फार महागात पडतो. तो लिहिण्याआधी नवराबायकोने बसून विचार करा.

कार्यालयाला खात्री हवी असते ती एवढीच, की उद्या नोकरी मिळाली तर मुलाकडे पाहणारं कोणी आहे. त्यासाठी पाळणाघराचाच करार लागतो असं नाही. दाई, जोडीदार किंवा दुसरी विश्वासाची व्यक्ती मूल सांभाळणार असेल, तर तसं लेखी देता येतं. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरातल्या किंवा दाईकडच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्षात जागा मिळवताना पालकांची दमछाक होते. म्हणून जागेसाठी केलेले अर्ज आणि आलेले नकार जपून ठेवा. मुलाखतीच्या वेळी ‘पाळणाघर मिळेपर्यंत मी काहीच करू शकत नाही’ असं वैतागाने बोलून गेलात, तर तेच वाक्य नकाराचं कारण होऊन परत येतं. खरी परिस्थिती सांगा, पण पूर्ण सांगा: कोणते दिवस, किती तास, मूल कोणाकडे.

गैरसमज 4 : राजीनामा मीच दिला, म्हणजे सगळं संपलं.

वस्तुस्थिती : सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर सहसा 12 आठवडे पैसे थांबवतात आणि एकूण मुदतीतूनही किमान एक चतुर्थांश भाग कापला जातो. शिक्षा कडक आहे, पण उरलेला हक्क शाबूत राहतो. कारण सबळ असेल तर ही बंदीही टळू शकते. मूल सांभाळण्याची दुसरी सोय शोधूनही सापडली नाही, किंवा जोडीदाराची नोकरी दुसऱ्या शहरात गेली आणि कुटुंब तिथे हलवावं लागलं, अशी कारणं विचारात घेतली जातात. त्यासाठी सोडण्याआधी काय काय प्रयत्न केले, याचे कागद लागतात. ‘परस्पर संमतीने’ नोकरी संपवण्याच्या कागदावर सही केली तरीही ही बंदी येऊ शकते, म्हणून मालकाने पुढे केलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका.

नोंदणीला उशीर झाला तर एका आठवड्याचे पैसे जातात. नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी, आणि उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत, काम शोधत असल्याची नोंद करायची असते. मुदतीच्या करारालाही हाच नियम लागू आहे, कारण त्याची शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते.

गैरसमज 5 : कार्यालयाचं पत्र म्हणजे अंतिम निकाल.

वस्तुस्थिती : या पत्राविरुद्ध लेखी हरकत घेता येते. तिला ‘वीडरश्प्रुख’ म्हणतात आणि तिची मुदत एक महिना असते. 2025 पासून साधं पत्र टपालात पडल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालं असं धरतात. म्हणजे 5 मे रोजी टपालात पडलेलं पत्र 9 मे रोजी मिळालं असं समजून मुदत 9 जूनला संपते. पत्राच्या शेवटी हरकतीचा हक्क आणि मुदत सांगणारा मजकूर असतो. तो नसेल किंवा चुकीचा असेल, तर मुदत एक वर्षाची होते.

हरकत एका ओळीचीही चालते: अमुक तारखेच्या निर्णयाला माझी हरकत आहे, कारणं नंतर देतो. ग्राहक क्रमांक आणि सही हवी. साधा ईमेल पुरत नाही. सही केलेलं पत्र रजिस्टर टपालाने पाठवा, किंवा कार्यालयात जाऊन नोंदवून घ्या आणि पोच मागा. त्याच पत्रात स्वतःची फाइल पाहण्याची मागणी करा. नकार कोणत्या कागदावरून आला हे कळल्याशिवाय उत्तर अंधारात लिहावं लागतं.

तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर दिरंगाईविरुद्ध सामाजिक न्यायालयात जाता येतं. हरकत फेटाळली गेली, तर तिथेच दाद मागायला पुन्हा एक महिना मिळतो. आणि मुदत उलटून गेलीच असेल, तर निर्णयाच्या पुनर्तपासणीचा अर्ज करण्याची वाट उरते. ती जास्त खडतर आहे, तरी बंद नाही.

गैरसमज 6 : वकील परवडत नाही आणि जर्मनही नीट येत नाही.

वस्तुस्थिती : हरकतीला शुल्क नाही. सामाजिक न्यायालयात विमाधारकाला न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर वकीलही सक्तीचा नाही. न्यायालयाच्या अर्ज विभागात जाऊन तक्रार तोंडी सांगितली, तर कर्मचारी ती लिहून घेतात. उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयातून सल्लामदतीचं पत्र मिळतं आणि वकिलाला फक्त 15 युरो द्यावे लागतात. कामगार संघटना सभासदांना कायदेशीर मदत करतात. ‘फेअर इंटिग्रेशन’, म्हणजे जर्मन उच्चाराने ‘फेअरे इंटेग्रात्सियोन’, ही सल्ला केंद्रं स्थलांतरितांना कामगार कायद्याबद्दल अनेक भाषांत मोफत सल्ला देतात.

गैरसमज 7 : भांडलो तर व्हिसा जाईल.

वस्तुस्थिती : या भीतीनेच माणसं सर्वांत जास्त गप्प बसतात. निवास कायद्यात स्वतःच्या हप्त्यांवर मिळणारे विम्याचे पैसे सरकारी आधारात मोजले जात नाहीत. बालभत्ता आणि पालकभत्ताही मोजत नाहीत. करातून चालणारा गरजूंसाठीचा आधार, ज्याला अलीकडच्या वर्षांत ‘ब्युर्गरगेल्ड’ म्हणत, त्याची गोष्ट वेगळी. तो घेतला तर निवास परवान्यावर परिणाम होऊ शकतो. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस विम्यालाही हात लावत नाही. हरकत घेणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो वापरल्याचा डाग परवान्यावर पडत नाही.

परवान्याला खरा धोका नोकरी जाण्याचा असतो. कामासाठीच्या परवान्यावर असाल आणि नोकरी मुदतीआधी संपली, तर दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. ते कार्यालय परवान्याची मुदत कमी करू शकतं. म्हणून तिथलं पत्र आणि इथली हरकत, दोन्ही वेळेत जाऊ द्या.

गैरसमज 8 : निकाल लागेपर्यंत भारतात जाऊन राहू.

वस्तुस्थिती : हरकत चालू असतानाही नोंदणी, नोकरीचे अर्ज आणि कार्यालयाच्या बोलावण्याला हजर राहणं चालूच ठेवावं लागतं. नाहीतर हरकत जिंकूनही मधल्या महिन्यांचे पैसे जातात. गावाला जायचं तर आधी संमती घ्या, ती वर्षात साधारण तीन आठवड्यांपर्यंत मिळते. आरोग्य विमा कार्यालयालाही लगेच फोन करा. जोडीदाराचा सरकारी आरोग्य विमा असेल, तर उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुलं त्यात हप्त्याशिवाय येऊ शकतात. घरात मूल असताना या बाबतीत एक दिवसही हयगय नको.

नोकरी गेली की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलांना कळू नये, गावाकडे कळू नये, म्हणून पत्र कपाटात जातं आणि त्याबरोबर तो एक महिनाही जातो. तसं होऊ देऊ नका. पत्र आलं त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा, पाकीट टाकून देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी ती एक ओळ लिहून सही करा. कारणं शोधायला, कागद जमवायला आणि कोणाला तरी विचारायला मग वेळ मिळतो. हप्ते तुम्ही भरले आहेत. तुमच्या मुलाचे महिनेही त्यात आहेत.