‘केसरी’चा संपादक बदलला आणि महाराष्ट्राला दोन आवाज मिळाले!

संपादक बदलला की पेपर बदलतो का? 1887 सालचं पुणं बघा.

4 जानेवारी 1881 ला ‘केसरी’ सुरू झाला. पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूर संस्थानाबद्दलच्या मजकुरावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर आणि त्यांचे सहकारी टिळक दोघंही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. इतकी घट्ट मैत्री! पण ‘आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क?’ या प्रश्नावर दोघांचं फाटलं. 1887 मध्ये आगरकर बाहेर पडले, सूत्रं टिळकांकडे आली.

आगरकर गप्प बसणारे नव्हते. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण... कशालाच हात घालायचं सोडलं नाही. स्त्रियांनी जाकिटं घालावीत, यावरही स्वतंत्र लेख! चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर दोन्ही पत्रं आमनेसामने होती. आगरकर बाजूने, टिळक विरोधात.

इकडे ‘केसरी’ने सार्वजनिक गणेशोत्सव घराघरांत पोचवला. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. अग्रलेखाची ताकद ती हीच.

आज चॅनेल किंवा पेपरचा मालक-संपादक बदलला, की मथळे महिनाभर नीट वाचा. काय छापलं यापेक्षा काय छापायचं बंद झालं, ते आधी बघा.

तुम्ही कोणाच्या बाजूचे, टिळक की आगरकर? कमेंटमध्ये सांगा!

#केसरी #सुधारक #मराठीपत्रकारिता