कलम 19 आणि कलम 20 यांच्या मधला रस्ता

लखनौच्या हजरतगंजातून विधानभवन पायी गाठता येते. श्यामाप्रसाद मुखर्जी रुग्णालयही तसेच जवळ. शहर त्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणते. जिथे नियम ठरतात आणि जिथे ते रोग्याच्या खाटेपाशी पोचायला हवेत, ती दोन्ही ठिकाणे इतकी शेजारी असताना वृद्धाश्रमातून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला मधल्या वाटेवर काय मिळते, हा प्रश्न मला कित्येक वर्षे सोडत नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा केंद्रीय कायदा आपल्याकडे मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चासाठी ओळखला जातो. महाराष्ट्राने त्याचे नियम 2010 मध्ये केले, उत्तर प्रदेशाने 2014 मध्ये. मी मात्र पुन्हा पुन्हा वाचतो ती कलमे 19 आणि 20. एकोणिसावे जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाबद्दल बोलते. विसावे सरकारी रुग्णालयांत शक्य तितक्या खाटा, वेगळी रांग आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव व्यवस्था मागते. खाट इकडेही आहे, तिकडेही. एका खाटेवरून दुसरीवर जाताना माणसाबरोबर काय जावे, याबद्दल या दोन्ही कलमांत अक्षर नाही.

ही फट जुनी आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून 1863 साली निराधार वृद्धांसाठी आश्रय उभा राहिला, तोच आजचा ‘निवारा’. ससून रुग्णालयाची इमारत 1867 ची, आणि तिच्यामागचे दानही त्यांचेच. एकाच दात्याने एकाच शहरात दोन्ही दारे उघडली. पण दारे उघडणे वेगळे आणि त्यांना जोडणे वेगळे.

रात्री आश्रमातल्या आजींना ताप चढतो, त्या असंबद्ध बोलू लागतात. 108 ची रुग्णवाहिका येते. सोबत जायला त्या पाळीची मावशी. तिला आजींचे नाव ठाऊक, गोळ्या ठाऊक नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरला सगळ्यांत आधी हवे असते ते एवढेच: कालपर्यंत या कशा होत्या? कालपर्यंत त्या नीट ओळखत, बोलत असतील, तर आजचा गोंधळ संसर्गाचा किंवा साखर उतरल्याचा असू शकतो आणि उपचाराने ओसरू शकतो. हे सांगणारे कुणी नसेल, तर ‘वयामुळे’ म्हणून तो सोडून दिला जातो. माझ्या मते सगळ्यांत मोठी हानी इथे होते. रुग्णवाहिका वेळेत येऊनही ती टळत नाही.

लंडनच्या सटन भागात 2015 मध्ये यावर लाल पिशवीचा उपाय निघाला. आश्रमातून जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर ती जाते. तिच्यात ठराविक नमुन्याचे कागद, चालू औषधे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि घरी परततानाचे कपडे असतात. रुग्णालयातला मुक्काम सरासरी चार दिवसांनी घटला, असे तिथल्या आरोग्यसेवेने सांगितले. कवळ्या आणि श्रवणयंत्रे हरवणेही थांबले. कवळी हरवली की जेवण तुटते, श्रवणयंत्र हरवले की बोलणे. मग वृद्ध माणूस झपाट्याने खचतो.

आपल्याकडे पिशवी कापडी चालेल. आतल्या एका पानावर आजार, औषधांची मात्रा आणि शेवटची घेतल्याची वेळ, न सोसणारी औषधे, रोजचे चालणे-बोलणे-ओळखणे, बोलीभाषा आणि निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचा फोन असावा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेले आणि 2023 मध्ये सुलभ केलेले आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र कुणी केले असेल, तर त्याची प्रतही. पान दर महिन्याला तपासायचे. मधे औषध बदलले की त्याच दिवशी.

परतीचा प्रवास तर आणखी दुर्लक्षित. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या असतात, पण जुन्यांतली कुठली बंद करायची ते अनेकदा नसते. मग आश्रमात दोन्ही चालू राहतात आणि रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी पोटात जाते. म्हणून पिशवी परत येताना त्याच पानावर डॉक्टरने ‘बंद’, ‘चालू’ आणि ‘बदलले’ असे प्रत्येक औषधापुढे लिहून सही करावी, आणि आश्रमाने ती सही पाहिल्याशिवाय रुग्णाला गाडीत बसवू नये.